गोठ्यातले अपघात आणि इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठ्यात माणसाला लागलं की तो आधी धार उरकतो, वैरण टाकतो आणि मग स्वतःकडे बघतो. मीही बरीच वर्षं तेच करत आले. तेवढ्या तासा-दोन तासांत साधी वाटलेली इजा कुठे जाऊन पोहोचते, हे स्वतःच्या अंगावर बघितल्यावर ती सवय मोडायला घेतली. ओळखीचे पशुपालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी गाई-म्हशी सांभाळणारी बाई आहे, डॉक्टर नाही. यातलं जे काही आहे ते दवाखान्यात पोहोचेपर्यंतचं आहे, दवाखान्याऐवजी नाही.

अपघात झाला. पहिल्या मिनिटात काय करायचं?

जागच्या जागी थांबायचं आणि बघायचं. ज्यानं माणसाला पाडलं ते अजून तिथंच आहे का? बुजलेलं जनावर, चालू मोटार, ओल्या जमिनीत उतरलेली वीज, टाकीतला वायू. ते दूर केल्याशिवाय जवळ गेलात तर एकाचे दोन जखमी होतात, आणि मदत आणायला कोणी उरत नाही. जनावर हाकला, मोटारीचा खटका पाडा, हाक मारून माणसं गोळा करा. एकानं फोन करायचा, दुसऱ्यानं जखमीजवळ बसायचं.

मग बघायचं ते या क्रमानं: रक्त जोरात वाहतंय का, श्वास चालू आहे का, बोलल्यावर भानावर असल्यासारखं उत्तर येतंय का. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर त्याला उचलून बाजेवर टाकायची घाई करू नका. आहे तिथंच, आहे तसं, डोकं स्थिर धरून ठेवा. जागाच धोक्याची असेल तरच हलवायचं.

लाथ पोटात बसली, पण मी उठून चालतोय. दवाखान्यात जायलाच हवं का?

हो. याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वाद घालते.

पोटावर आणि बरगड्यांवर बसलेली लाथ फसवी असते. वरून फक्त खुराचा लालसर ठसा दिसतो. आत प्लीहा किंवा यकृत फाटलं असेल तर रक्त पोटातच साचत राहतं, बाहेर थेंबही येत नाही. माणूस उठतो, कपडे झटकतो, "काही नाही झालं" म्हणतो आणि बादली उचलतो. मग हळूहळू चेहरा पांढरा पडतो, गार घाम सुटतो, तहान लागते, नाडी जोरात पळायला लागते. एक खूण फार कमी जणांना माहीत असते: खांद्याला काहीच लागलेलं नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं. प्लीहेतून गळणारं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, लागतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. यकृताचं दुखणं असंच उजव्या खांद्यात येऊ शकतं. लघवी लाल झाली तर मूत्रपिंडाला मार बसला आहे असं धरून चाला.

या खुणांची वाट बघत बसू नका. त्या दिसायला लागल्या म्हणजे बराच वेळ गेलेला असतो. जाताना खायला-प्यायला काही देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागली तर भूल द्यावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा माणसाला बारीकसा मारही जड जातो.

आणि डोक्याला लागलं तर?

थोडा वेळ शुद्ध गेली, उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, तेच तेच विचारायला लागला, झोप अनावर झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, यातलं एक जरी असेल तरी लगेच न्या. मध्ये काही तास माणूस अगदी ठीक वाटू शकतो आणि नंतर कोसळतो. म्हणून पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नका.

शांत गाय अचानक लाथ का मारते? उभं कुठं राहावं?

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता तिला ३०० अंशांहून अधिक परिसर दिसतो, पण शेपटीच्या थेट मागचा पट्टा दिसत नाही. तिथून कोणी अचानक आलं की ती आधी लाथ मारते आणि मग बघते. घोडा बहुधा सरळ मागे झाडतो. गाय मात्र पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते, त्यामुळे पोटाजवळ बसलेला माणूसही तिच्या टप्प्यात असतो. जवळ जाताना खांद्याच्या बाजूनं जा, आवाज द्या, पाठीवर हात ठेवा आणि तोच हात सरकवत मागे या. मागून जावंच लागलं तर एक तर टप्प्याच्या बाहेरून, नाहीतर अगदी अंगाला खेटून, तिच्या कंबरेवर हात ठेवून. अंगाशी खेटलेल्या माणसाला लाथेचा पूर्ण जोर बसत नाही. मधल्या अंतरावर तो पुरेपूर बसतो.

इतके दिवस निमूट उभी राहणारी गाय धारेला लाथा झाडायला लागली, तर तिला मारकी ठरवण्याआधी तिचे सड बघा. चीर, सूज, गरमपणा, दुधात गाठी. बहुतेक वेळा ती दुखणं सांगत असते, आणि दुखऱ्या बाजूचाच पाय उचलते.

नुकती व्यालेली गाय हा वेगळा विषय आहे. वासरू आणि तिच्यामध्ये कधीही उभं राहू नका, मग ती कितीही लाडाची असो.

वळू लहानपणापासून हातावर वाढलाय. तोही धोक्याचा असतो का?

तोच जास्त धोक्याचा असतो. एकट्यानं, बाटलीवर, माणसांत वाढलेला पाडा माणसाला आपल्याच कळपातला समजतो. लहानपणी डोकं घुसळतो तेव्हा आपल्याला कौतुक वाटतं. वयात आल्यावर तो तेच डोकं जोर आजमावायला वापरतो, आणि समोर दुसरा वळू नसतो, आपण असतो. त्यामुळे पाड्याबरोबर डोकं लावून खेळणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा, मुलांनाही खेळू देऊ नका.

तो चाल करून येण्याआधी सांगतो. अंग आडवं करून दाखवतो, मानेला कमान देतो, डोकं खाली घालतो, डोळे वटारतो, खुरानं माती उडवतो. हे दिसलं की पाठ फिरवून पळू नका. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू कुंपणाकडे मागे सरका. वळूच्या आवारात शिरताना बाहेर पडायची जागा आधी हेरायची, आणि दुसरा माणूस कुंपणाबाहेर उभा हवा. आवारालाच माणसाला अंग तिरकं करून निसटता येईल अशी साधारण ४० सेंटिमीटरची फट ठेवलेली असेल तर उत्तम. त्यातून माणूस जातो, वळू जात नाही.

शिंगं नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. वळू डोक्यानं दाबतो, भिंतीशी चिरडतो, खाली पाडून गुडघे टेकतो. माणसावर एकदा चाल करून गेलेला वळू गोठ्यात ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. तो पुन्हा करतो.

कासरा हाताला गुंडाळू नये म्हणतात. खरंच एवढं धोक्याचं आहे?

माझा उजवा अंगठा बघितलात तर विचारणार नाही. कालवडीला पाण्यावर नेत होते. ती ओढत होती म्हणून कासऱ्याचे दोन वेढे तळहाताला घेतले. छपराचा सुटा पत्रा वाऱ्यानं वाजला आणि ती उधळली. वेढे अंगठ्याच्या बुडाशी येऊन आवळले. मी चार-पाच पावलं फरफटले आणि ती आपणहून थांबली. अंगठा पांढराफटक पडला होता आणि दोराचा पीळ कातडीवर जसाच्या तसा उमटला होता. दुखत फारसं नव्हतं. संध्याकाळची धार मी चार बोटांनी काढली. दुसऱ्या दिवशी अंगठा वांग्यासारखा झाला, तेव्हा दवाखान्यात गेले. सांध्याचा बंध तुटला होता. आजही भरलेल्या बादलीची कडी मला त्या हातानं धरवत नाही.

कासरा मुठीत धरायचा, उरलेला घडी घालून त्याच मुठीत. हिसका बसला तर सोडून द्यायचा. पळालेलं जनावर सापडतं. कामाला लागताना हातातली अंगठी काढून ठेवा, ती दाव्यात किंवा फाटकाच्या खिट्टीत अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. हाताला मार बसला तर सूज चढायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून टाका.

कडबाकुट्टीत हात गेला, बोट तुटलं. काय करायचं?

यंत्र बंद करा आणि प्लगही काढा. हात अजून अडकलेला असेल तर ओढू नका. चाक आणखी फिरणार नाही असं घट्ट धरून ठेवा आणि माहीतगार माणसाकडून भाग खोलून घ्या.

रक्त थांबवायला स्वच्छ फडकं जखमेवर ठेवून तळहातानं जोर द्या. मिनिटा-मिनिटाला उचलून बघू नका, सलग १० मिनिटं दाबा. फडकं भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. हात किंवा पायच चिरडला असेल आणि दाबूनही रक्त उसळत असेल, तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर रुंद पट्टी बांधून काठीनं पीळ द्या. सांध्यावर बांधू नका, बारीक दोरी किंवा तार वापरू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि मध्येच सैल करू नका.

तुटलेलं बोट शोधा. अनेकदा ते वैरणीतच राहतं आणि घाईत कोणी बघत नाही. माती असेल तर स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, घासू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेलं बोट कितीतरी तासांनंतरही जोडता येतं. हात किंवा पाय तुटला असेल तर त्यात स्नायू असल्यामुळे वेळ खूपच कमी असतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालणारी यंत्रं असतील तर एक हिशेब लक्षात ठेवा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. ओढणीचं किंवा सदऱ्याचं टोक अडकलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं आवरण काढून काम करू नका, आणि चालू शाफ्ट कधीही ओलांडू नका.

शेणाच्या टाकीत माणूस पडला, तर उतरून काढायचं ना?

नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण नाही.

कुजणाऱ्या शेणात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटून माणूस पुढे होतो. आणखी वाढला तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. टाकी ढवळली की शेणात अडकलेला वायू एकदम वर येतो, म्हणून ढवळताना आणि उपसतानाच बहुतेक अपघात होतात. एक पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला वडील. एकाच टाकीत एका घरातली तीन-तीन माणसं अशी गेली आहेत. तोंडाला ओलं फडकं बांधून काही उपयोग होत नाही.

अग्निशमन दलाला बोलवा आणि वायूची टाकी आहे हे फोनवरच सांगा. बाहेरूनच दोर किंवा शिडी देता आली तर द्या. तो शुद्धीवर असेल तर धरेल. पंख्यानं हवा मारता आली तर मारा, पण ठिणगी टाळा, कारण सोबत मिथेनही असतो. टाकीला जाळी आणि बंद झाकण लावणं हाच खरा उपाय आहे. ढवळायच्या दिवशी गोठ्यातून माणसं आणि जनावरं बाहेर काढा.

मुरघासाच्या उंच बंदिस्त कोठीचंही असंच आहे. भरल्यावर पहिले तीन आठवडे आत नायट्रोजन डायऑक्साइड साचतो. तो तपकिरी-पिवळसर, हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी बसतो. थोडा हुंगल्यावर नुसता खोकला येतो, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवा.

जखम अगदी बारीक आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच का?

शेण आणि माती ही धनुर्वाताच्या जंतूंची घरं आहेत. बीजरूपात ते वर्षानुवर्षं टिकतात. खिळा रुतल्यासारखी खोल, तोंड बारीक असलेली जखम त्यांना सगळ्यात जास्त मानवते, कारण आत हवा पोहोचत नाही. आजार बहुधा ३ ते २१ दिवसांत उठतो, तोवर जखम भरूनही गेलेली असते. मळकी जखम असेल आणि शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षं होऊन गेली असतील, तर लगेच घ्यायची. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. राख, माती, कसलीही पूड तिच्यात घालू नका.

म्हैस लाळ गाळतेय, गिळता येत नाही. घशात अडकलेलं हात घालून काढू का?

हातमोज्याशिवाय, कारण कळल्याशिवाय, अजिबात नाही. पिसाळलेलं जनावर आपल्या मनातल्या चित्रासारखं नेहमी चावत सुटत नाही. कित्येकदा ते नुसतं उभं राहतं, तोंडातून लाळेची तार लोंबते, पाण्याशी जातं आणि गिळता येत नाही, आवाज घोगरा होऊन सारखं हंबरतं. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. घरातली माणसं एकामागून एक हात घालून बघतात, आणि प्रत्येकाच्या नखाशी कुठेतरी चीर असते.

असं जनावर वेगळं बांधा, पशुवैद्याला बोलवा. हात घातला गेलाच असेल, लाळ चिरेला किंवा डोळ्याला लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. डोळा नुसत्या पाण्यानं धुवा. मग त्याच दिवशी लस सुरू करा. जखम असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर वाचवणारं औषध जवळजवळ नाहीच, पण लक्षणांआधी वेळेत घेतलेली लस वाचवते. जनावर मरेपर्यंत वाट बघू नका.

जनावराला टोचताना सुई मला लागली.

कुठल्या औषधाची, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाटली सोबत घेऊन जा, नुसतं नाव सांगून भागत नाही. तेलातली लस बोटात गेली तर वरून बारीक टोच दिसते, पण आत बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. टिल्मिकोसिन हे प्रतिजैविक माणसाच्या हृदयावर परिणाम करतं आणि त्याला उतारा नाही, तेव्हा त्याची सुई लागली तर बर्फ लावून तडक दवाखाना. जनावरांचा गर्भ पाडणाऱ्या ब्रुसेला जंतूंवरची लस जिवंत जंतूंची असते. त्यातली आरबी५१ ही जात रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांना लेबल वाचूनच औषध ठरवावं लागतं.

व्यायल्यावर पडणारी वार अडकली आहे. उघड्या हातानं ओढली तर?

ओढूही नका आणि उघड्या हातानं शिवूही नका. गर्भ पडलेल्या जनावराची वार, गर्भपाणी आणि मेलेलं वासरू यांत ब्रुसेलाचे जंतू भरपूर असू शकतात. आठवड्यांनी माणसाला चढ-उतार करणारा ताप येतो, घाम येतो, कंबर धरते, आणि कोणाला गोठ्याची आठवणही राहत नाही. अशा तापात डॉक्टरांना "मी जनावरं सांभाळतो" हे पहिल्या वाक्यात सांगा. गरोदर बाईनं व्याणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांजवळ जाऊ नये. त्यांच्यातले काही जंतू पोटातल्या बाळाला धोक्याचे असतात.

विजेचा धक्का?

मुख्य खटका पाडल्याशिवाय हात लावायचा नाही. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्या, मदत येईपर्यंत. गोठ्याला ३० मिलिअँपिअरवर तुटणारं गळतीरक्षक उपकरण बसवून घ्या. गाई दुधाच्या खोलीपाशी येऊन अडखळत असतील किंवा पाण्याच्या टाकीला तोंड लावून दचकत असतील, तर जमिनीत वीज उतरतेय का ते तपासा. त्यांना ती आपल्या आधी कळते.

जनावरालाच इजा झाली असेल तर?

दुखऱ्या जनावराजवळ आधी स्वतःला सांभाळा. गरीब गायही अशा वेळी शिंग मारते. शिंग तुटलं तर दाबून पट्टी बांधा, मोठ्या जनावरात आतली पोकळी उघडी पडते आणि माश्या बसून किडे होतात. फाटलेला सड त्याच दिवशी शिवला तर बरा होतो, उशीर झाला तर कायमचा गळत राहतो. पाय मोडला असेल तर ओढत नेऊ नका, पशुवैद्याला जागेवर आणा.

बसलेली गाय उठत नसेल तर घड्याळ चालू झालं असं समजा. तिचंच वजन खालच्या पायाचे स्नायू चिरडतं, आणि सहा-बारा तासांत कायमचं नुकसान होऊ शकतं. खाली मऊ, जाड अंथरा, तिला छातीवर बसती ठेवा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. आडवी पडून राहिली तर पोट फुगतं. नुकती व्यालेली असेल तर कॅल्शियम कमी पडल्याची शक्यता मोठी. ते शिरेतून सावकाश द्यावं लागतं, घाईनं दिलं तर हृदय थांबतं. ते काम पशुवैद्याचंच.

अपघातानंतर गोठ्यात पाऊल टाकायची भीती वाटते.

वाटू द्या आणि घरात सांगा. मी कित्येक दिवस त्या कालवडीच्या दावणीकडे पाठ करून काम करत होते, आणि पाठ केल्यानं धोका वाढतच होता. सुरुवातीला दुसऱ्याबरोबर जा, शांत जनावरापासून सुरू करा. झोप उडाली, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला आणि महिन्यानंतरही कमी होत नसेल, तर त्यासाठीही डॉक्टर असतात.

धार काढणारा घरात एकच. तो आडवा झाला तर?

म्हणूनच तो दवाखान्यात जायचं टाळतो. आमच्याकडे आता गोठ्याच्या दारामागे प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद आहे. वर रुग्णवाहिकेचा, पशुवैद्याचा आणि शेजारच्या दोघांचा नंबर, आणि गोठ्यापर्यंत कसं यायचं ते फोनवर वाचून दाखवता येईल अशा शब्दांत. खाली एकेका जनावराची ओळ. कोणाला किती खुराक, कोण गाभण, कोणाला औषध चालू आणि तिचं दूध कुठल्या तारखेपर्यंत वेगळं ठेवायचं. शेवटची ओळ शेजारणीनं स्वतःच्या हातानं लिहिली, माझ्या अंगठ्याच्या वेळी आठवडाभर धार काढल्यावर: "तिसऱ्या दावणीची काळी. डाव्या बाजूनं बसू नये. आधी नाव घ्यावं."